मेटल डिटेक्टरनं शोधताना पुळणीवर जिवंत काडतुसं सापडली, आता काय?

पुळणकर (प्रश्न)

मंडळी, थोडी घाई आहे, मुद्द्याचंच लिहितो.

जागा रत्नागिरी जिल्ह्यातली, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. यंदाच्या पावसाळ्यात सुरूच्या बनाखालची वाळू कमरेएवढी कापली गेली आहे आणि खालचा जुना थर उघडा पडलाय. तिथे हातभर अंतरात चार-पाच स्वच्छ सिग्नल आले. वीतभर खोलीवर तीन काडतुसं दिसली. दोनांत गोळी तशीच बसलेली आहे, पितळ हिरवं पडलंय. त्यांतल्या एकाच्या कॅपवर (बुडातली बार पेटवणारी टोपी) खळगा आहे, दुसऱ्याची सपाट. तिसरी नुसती पुंगळी. बुडावर ‘के एफ’ आणि पुढे दोन आकडी काहीतरी आहे, नीट लागत नाही.

वीसेक पावलांवर खडपात लोखंडाचा दणदणीत सिग्नल आहे. वरची वाळू हातानं सारली तर गंजाचे पापुद्रे आलेला गोल भाग दिसला. तो तसाच सोडलाय.

गोळीवाली दोन जागेवरच आहेत, रिकामी पुंगळी तेवढी पिशवीत टाकली. भरती संध्याकाळी. कळवायचं कुणाला? उद्या माझ्यावरच केस होणार नाही ना? आणि इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात भिजलेलं काडतूस खरंच उडतं का?

---

थ्रीनॉटथ्री

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचा निष्काळजीपणा त्या एका समजातून येतो.

हो, उडू शकतं. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकीची दारूगोळा फॅक्टरी, १८६९ पासूनची. पुढचे दोन आकडे बहुतेक वेळा बनवल्याचं साल असतात. रायफलीचं लष्करी काडतूस पावसात, चिखलात, बोटीवर वापरायलाच बनवलेलं असतं. गोळी पुंगळीत बसते तिथे आणि कॅपभोवती लाखेचा किंवा डांबरासारखा थर देऊन ते बंद करतात. तो थर शाबूत असेल तर आत पाणी शिरत नाही. शिरलं तरी जुन्या थ्री नॉट थ्रीत (.३०३ रायफलीच्या काडतुसात) कॉर्डाइट असतं, शेवयांसारख्या बारीक काड्यांचा जुडगा. ते पाण्यात विरघळत नाही. भिजलेलं कॉर्डाइट वाळलं की पुन्हा जळतं. त्यामुळे काडतूस वाळत घालून ‘बघू अजून चांगलं आहे का’ म्हणणं ही सगळ्यात वाईट कल्पना.

ओळख पटवायला हातात घ्यावं लागत नाही. शेजारी वाळूवर दहा रुपयांचं नाणं ठेवा (२७ मिमी व्यासाचं असतं) आणि थोडं लांबून झूम करून फोटो काढा. नाणं काडतुसाला टेकवू नका. थ्री नॉट थ्रीची एकूण लांबी साधारण ७८ मिमी, म्हणजे तीन नाण्यांना थोडी कमी, आणि बुडाला बाहेर आलेली कडा असते, तिचा व्यास साडेतेरा-चौदा मिमी. कडा बाहेर नसेल आणि लांबी ७१ मिमीच्या आसपास असेल तर ते ७.६२ चं एसएलआर (स्वयंभरण रायफल) किंवा एलएमजीचं (हलकी मशीनगन) काडतूस. ५६ मिमी, बुटकं आणि पुंगळी निमुळती असेल तर एके ४७ चं. ३० मिमीच्या आत, सरळ अंगाचं आणि बोथट टोकाचं असेल तर ९ मिमी पिस्तुलाचं. हे तुम्हाला ठरवायचं नाहीये. फोनवर ‘रायफलीची दोन’ की ‘पिस्तुलाची दोन’ एवढं सांगता आलं तरी समोरच्याचं काम सोपं होतं.

आता कॅपवरचा खळगा. खळगा आहे आणि गोळीही जागेवर आहे, म्हणजे चाप ओढला गेला, पिन आपटली, पण बार झाला नाही. अशा फसलेल्या काडतुसाला लोक ‘फुसकं’ म्हणून सोडून देतात. उलट तेच जास्त बेभरवशाचं. कॅपमधला संवेदनशील मसाला एकदा दाबला गेलाय, त्याला तडा गेलाय, आणि तो किती धक्क्याला पेटेल हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या दोन काडतुसांपैकी मी त्याच्यापासून जास्त लांब राहीन.

उडालं तर काय होतं तेही नेमकं सांगतो, कारण सिनेमामुळे लोकांची कल्पना भलतीच असते. नळीबाहेर काडतूस पेटलं तर गोळी बंदुकीतून सुटल्यासारखी जात नाही. ती जड असते. हलकं पितळ फाटतं आणि त्याचे धारदार तुकडे सुटतात. छाती भेदण्याइतका जोर सहसा नसतो, पण डोळा आणि बोटं जायला पुरेसा असतो. म्हणून चेहरा वर आणून वाकून बघायचं नाही, आणि चुलीत टाकून ‘निकाल’ लावायचा नाही.

शेवटचं, टोकाच्या रंगाबद्दल. ट्रेसर (उडताना उजेडाची रेघ सोडणाऱ्या) आणि आग लावणाऱ्या गोळ्यांच्या टोकाला रंग असायचा. वाळूत घासून तो गेलेला असतो. जुन्या आगलाव्या गोळ्यांत फॉस्फरस भरलेला असे, आणि गंजून भोक पडलेल्या अशा गोळीला हवा लागली की ती आपण होऊन धुमसते. रंग दिसत नाही म्हणजे साधी गोळी, असं धरू नका.

---

दर्यावर्दी

एवढा बाऊ कशाला? दोन काडतुसं आहेत. रुमालात गुंडाळा, गाडीच्या डिकीत ठेवा, ठाण्यात नेऊन द्या. पाच मिनिटांचं काम. नाहीतर पाण्यात लांब भिरकावून द्या, विषय संपला.

---

कोर्टाचीपायरी

दर्यावर्दी, सल्ला चांगल्या मनानं दिलाय, पण दोन्ही चुकीचे आहेत. पुळणकर, केसचा प्रश्न तुम्ही योग्य वेळी विचारलात.

शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ३ परवान्याशिवाय दारूगोळा ‘ताब्यात’ ठेवायला बंदी घालतं. शिक्षा कलम २५ मध्ये, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान दोन वर्षं ते पाच वर्षं झाली. काडतूस प्रतिबंधित प्रकारात मोडलं तर सात ते चौदा वर्षांचं पोटकलम लागतं. नग एक की पन्नास, यानं कलम बदलत नाही.

खरा कळीचा शब्द आहे ‘ताबा’. सर्वोच्च न्यायालयानं गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सांगितलं की या कायद्यातला ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो: वस्तू आपल्याजवळ आहे हे माहीत हवं आणि तिच्यावर आपला अंमल हवा. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एखादं काडतूस निघालं तर याच मुद्द्यावर अनेक गुन्हे उच्च न्यायालयांत रद्द झालेत. रद्द होईपर्यंतच्या तारखा मात्र ज्याच्या त्याला भोगाव्या लागतात.

आता तुमचं बघा. वाळूत पडलेलं काडतूस तुम्ही पाहिलंत, ओळखलंत आणि हात न लावता कळवलंत, तर तुम्ही माहिती देणारे. तेच ओळखून रुमालात बांधून डिकीत ठेवलंत की जाणीव आणि अंमल दोन्ही आले. वाटेत नाकाबंदीला डिकी उघडली तर ‘ठाण्यातच चाललो होतो’ हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येणार. शिवाय उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते, ते वेगळंच.

समुद्रात भिरकावण्याबद्दल: पुढच्या उधाणाला ते त्याच पुळणीवर परत येणार, फक्त या वेळी एखाद्या पोराच्या हातात. आणि तुम्ही पाहिलंत, ओळखलंत, लपवलंत हा कलंक वेगळा.

म्हणून आधी फोन, मग लेखी. फोनची वेळ मोबाइलमध्ये राहतेच, पण अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मजकूर साधा ठेवा:

‘मा. पोलीस निरीक्षक यांस. विषय: समुद्रकिनाऱ्यावर काडतूससदृश वस्तू आढळल्याबाबत. दि. … रोजी … वाजता मौजे …, ता. … येथील किनाऱ्यावर धातुशोधक यंत्राने पाहणी करीत असताना काडतूससदृश … नग व अन्य एक लोखंडी गोल वस्तू दिसून आली. … वाजता ११२ वर कळविले आहे. जागेचे अक्षांश-रेखांश व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तरी पुढील कार्यवाही व्हावी, ही विनंती.’

‘सदृश’ हा शब्द गाळू नका. ते जिवंत आहे की नाही हे ठरवणं तज्ज्ञाचं काम आहे, तुमच्या सहीच्या कागदावर तो निष्कर्ष नको. जे हलवलंत ते हलवलं असंच लिहा, म्हणजे ती पिशवीतली पुंगळी. पंचनाम्यात तुमचं नाव माहिती देणारा म्हणून येईल, जबाबाला बोलावतील, कदाचित पुढे साक्षीलाही. जबाब सही करण्याआधी वाचा, एवढंच.

रिकाम्या पुंगळ्या जमवणाऱ्यांसाठी आणखी एक. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. कलम ४५ मध्ये, जोडभागांसह वापरायचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना सूट आहे. सूट आहे म्हणून पाचशे पुंगळ्यांची बरणी दिवाणखान्यात मांडावी असं मी कुणालाही सांगणार नाही. आणि विमानाच्या किंवा रेल्वेच्या सामानात तर एकही नको.

---

खाडीकाठचो

असल्या वस्तूक हात लावचो नाय, ह्यां आमच्याकडे शेंबड्या पोराक पण म्हायत आसा. आता प्रमाण भाषेत, म्हणजे सगळ्यांना कळेल.

पहिला फोन ११२ ला. हा फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात जातो, तुमच्या तालुक्यात नाही, त्यामुळे जिल्हा, तालुका, गाव, वाडी या क्रमानं सांगा. वेळास मंडणगडातही आहे आणि श्रीवर्धनातही. नुसतं ‘वेळासच्या किनाऱ्यावर’ म्हणालात तर गाडी भलतीकडे जाईल. सागरी सुरक्षेसाठी १०९३ आहे, तटरक्षक दलाचा १५५४. वस्तू पाण्यात तरंगत असेल किंवा बेवारस होडीत असेल तर हे दोन जास्त उपयोगाचे. वाळूतल्या काडतुसाला ११२ पुरे. त्याच वेळी गावच्या पोलीस पाटलांना सांगा. ते दहा मिनिटांत पोचतात, माणसांना लांब ठेवतात, आणि हद्द नेहमीच्या ठाण्याची की सागरी पोलीस ठाण्याची हा घोळ तेच सोडवतात. पूर्णगड, नाटे, दिघी अशी सागरी ठाणी वेगळी आहेत, आणि हद्दीच्या वादात तास जाऊ शकतो.

फोन मात्र वस्तूपासून लांब जाऊन करा. काडतुसाला मोबाइलनं काही होत नाही, पण शेजारी वाळूत आणखी काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही.

बॉम्ब शोधक व नाशक पथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतं: रत्नागिरी, ओरोस, अलिबाग. दापोली-मंडणगडच्या टोकाला यायला तास सहज जातात. म्हणून भरतीची वेळ फोनवरच सांगा, ‘सहा वाजता ही जागा पाण्याखाली जाईल’ अशी थेट. भरती ओसरली तरी तो खड्डा तुम्हाला परत सापडणार नाही, एका भरतीत वाळू वीतभर चढते किंवा उतरते. पुढची भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी, म्हणजे आज संध्याकाळी सहाला असेल तर उद्या सकाळी साडेसहाच्या जरा आधी. वाळूतली जागा दोन प्रकारे धरून ठेवा. एक, फोनवरचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत. आकडा मीटरभराइतका बारीक असला तरी फोनची स्वतःची चूक तीन ते पाच मीटर असते, म्हणून ते एकटं पुरत नाही. दोन, कोळी जाळं टाकलेली जागा धरतात तशी: खड्ड्याशी उभं राहून समोरासमोर येणाऱ्या दोन वस्तूंची एक रेघ पकडा, उदाहरणार्थ वाकडा सुरू आणि त्याच्या बरोबर मागे देवळाचा कळस. मग साधारण काटकोनात दुसरी रेघ, जवळचा खडक आणि लांबचं डोंगराचं नाक. दोन्ही रेघांचा त्याच जागेवरून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी या दोन रेघा जुळल्या की पावलाच्या अंतरात जागा मिळते.

खूण म्हणून काठी लावायची तर दोन-तीन मीटर बाजूला, आणि ठोकायची नाही, वाळूत हातानं रोवायची. खड्ड्यावर दगड रचू नका.

भरती पथकाच्या आधी पोचणार असेल तर ‘काडतुसं वर सरकवू का’ हे फोनवर पोलिसांना विचारा आणि ते सांगतील तेच करा. आपल्या मनानं नाही. गोल वस्तूला तर तेही नाही, ती पाण्याखाली गेली तर जाऊ दे.

लांब म्हणजे किती लांब? काडतुसांसाठी माणसं पंधरा-वीस मीटरवर थांबवली तरी चालेल. मुठीएवढी किंवा त्याहून मोठी अनोळखी वस्तू असेल तर किमान शंभर मीटर, तेही बांधाच्या किंवा वाळूच्या उंचवट्याच्या आडोशाला. तोफगोळ्यासारखं असेल तर तीनशेच्या पुढे. पथक आल्यावर ते सांगतील ते अंतर खरं.

आणि हो, चौकशी जरा कडक झाली तर राग मानू नका. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं शेखाडीला आणि दिघीला उतरली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला वाहून आलेल्या बोटीत एके ४७ आणि काडतुसं निघाली. ती ओमानकडून भरकटत आलेली निघाली, पण त्या दिवशी अख्खा रायगड जिल्हा नाकाबंदीत होता. कोकणात किनाऱ्यावरचं काडतूस कुणी हलक्यात घेत नाही. तुम्ही इथे काय करत होता, यंत्र कुठून घेतलं, आणखी काय मिळालं, हे सगळं विचारतील. सरळ उत्तरं द्या. यंत्राचं बिल घरी असेल तर मागवून ठेवा.

---

गंजकाआवाज

त्या खडपातल्या गोल वस्तूबद्दल कुणी सविस्तर बोललं नाही, आणि मला काडतुसांपेक्षा तीच जास्त नकोशी वाटते.

लोखंडी गोळे दोन जातीचे. एक भरीव, नुसतं ओतीव लोखंड, त्यात उडण्यासारखं काही नाही. दुसरा पोकळ, आत काळी बारूद भरलेला, आणि एका ठिकाणी वातीचं भोक असलेला. वातीची नळी लाकडाची असायची. लाकूड कुजतं, भोकात वाळू आणि गंज बसतो, वर पापुद्रा चढतो आणि वरून पाहता दोन्ही गोळे सारखेच दिसतात. ‘भोक दिसत नाही म्हणजे भरीव’ हा तर्क इथेच फसतो. वजनावरून ओळखता येतं हे खरं. चौदा सेंमीचा भरीव गोळा अकरा किलोच्या आसपास भरतो, पोकळ त्यापेक्षा बराच हलका. पण वजन करायला उचलावा लागतो, आणि उचलायचाच तर नाही. डिटेक्टरवरून तर काहीच कळत नाही, दोन्हींना सारखाच ओव्हरलोड.

काळी बारूद म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. पाणी शिरलं तर सोरा विरघळून निघून जातो आणि बारूद मेलेली असते. पण तोंड गंजानं घट्ट बंद झालेल्या गोळ्यात ती दीडशे-दोनशे वर्षांनीही कोरडी राहू शकते. अमेरिकेत व्हर्जिनियात २००८ साली यादवी युद्धातला एक तोफगोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला. तो गोळा १८६० च्या दशकातला होता. ड्रिल, ग्राइंडर, तारेचा ब्रश यांची ठिणगी आणि उष्णता काळ्या बारुदीला पुरते.

आणि गोल दिसतंय म्हणजे ते शिवकालीन असंच नाही. उखळी तोफेचा आधुनिक गोळा उभा रुतला तरी वरून गोलच दिसतो. त्यातल्या फ्यूजमध्ये शिशाचं अझाइड असू शकतं. ओलाव्यात ते पितळ-तांब्याशी मिळून तांब्याचं अझाइड बनवतं, आणि ते मूळच्या मसाल्यापेक्षा कितीतरी जास्त नाजूक. म्हणजे अशी वस्तू जुनी होते तसतशी शांत होत नाही, चिडकी होते. त्यावर जोरदार चुंबक धरू नका, कॉइल पुन्हा पुन्हा फिरवू नका. यंत्र बंद करून मागे फिरा.

कोकणात लोक पितळेची भांडी आमसुलाच्या पाण्यानं, चिंचेनं चकचकीत करतात. तीच युक्ती काडतुसांवर वापरलेले फोटो मी अनेक ग्रुपवर बघतो. आम्ल गंजलेल्या पितळातलं जस्त खातं, पुंगळी ठिसूळ होते, कॅपभोवतीचं सील जातं. इलेक्ट्रोलिसिसच्या टबात (पाण्यात वीज सोडून गंज काढतात तो) तर चुकूनही नाही.

किल्ला जवळ असेल तर आणखी एक गोष्ट. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, जंजिरा, अलिबागचा कुलाबा हे सगळे केंद्राचे संरक्षित किल्ले आहेत. त्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं हाच गुन्हा आहे, मग सापडो न सापडो. बाहेर सापडलेल्या किमती जुन्या वस्तूला १८७८ चा निखात निधी कायदा आहे: दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत दडलेलं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये हा आकडा बदललेला नाही, हसायला येतं, पण कायदा लागू आहे. तोफगोळा निरुपद्रवी निघाला तरी तो घरी नेऊन फाटकाच्या खांबावर बसवता येत नाही.

---

सुरुंगवाला

विषयाला फाटा फोडतोय, पण किनाऱ्यावर आणि खाडीकाठी डिटेक्टर फिरवणाऱ्यांना काडतुसांपेक्षा या चार वस्तू ओळखता यायला हव्यात.

डिटोनेटर सगळ्यात वाईट. ॲल्युमिनियमची नळी, सहा-सात मिमी जाड, तीन ते आठ सेंमी लांब, एक तोंड बंद, दुसऱ्यातून दोन वायरी. वायरी तुटून गेल्या की पेनाच्या रिफिलचा तुकडा वाटतो. यंत्रावर आकडा येतो डब्याच्या झाकणाचा, त्यामुळे लोक कचरा म्हणून चिमटीत धरून खिशात टाकतात. विहिरीचे सुरुंग, खडीची खाण आणि खाडीत जिलेटिन लावून चालणारी चोरटी मासेमारी यांतून ते वाळूत येतात. वायरी असलेल्या डिटोनेटरला अंगावरची स्थिर वीज किंवा भटका विद्युतप्रवाह पुरतो. वायरीची टोकं सोडवायला जाऊ नका, मोबाइल-वॉकीटॉकी लांब. याला शस्त्र कायद्यापेक्षा १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा लागतो आणि तो जास्त कडक आहे.

गावठी बॉम्ब. डुकरासाठी लावतात. सुतळी किंवा चिकटपट्टी गुंडाळलेला लिंबाएवढा गोळा, आत दगडाचे किंवा काचेचे तुकडे आणि घासलं-दाबलं की पेटणारा मसाला. त्यात धातू नसला तर यंत्र बोलणारही नाही. काजूच्या बागेला लागून असलेल्या वाळूत पाय जपून टाका. कुत्र्याला बरोबर आणू नका.

जहाजाचे फ्लेअर. लाल-नारिंगी नळ्या, पावसाळ्यात वाहून येतात. हातातला फ्लेअर किमान मिनिटभर जळतो आणि पाण्यात बुडवला तरी विझत नाही. पॅराशूटवाला तीनशे मीटर वर जायला बनवलेला असतो. तो तुमच्या हातात आडवा सुटला तर काय होईल ते बघा. मुदत साधारण तीन वर्षांची, पण मुदत संपली म्हणजे मेला असं नाही, भरवसा संपला एवढंच. टोपण फिरवायचं नाही, दोरी ओढायची नाही.

चौथी वस्तू दारूगोळा नाहीच. स्क्रूचं टोपण असलेली ॲल्युमिनियमची बाटली. धान्याच्या जहाजावर कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइड वापरतात, हाच तो सल्फास. ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन निघतो, विषारी आणि आपोआप पेटू शकणारा. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर वारा येतो त्या बाजूला सरका आणि उघडू नका.

खणण्याबद्दल एकच. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट (लोखंड असलेलं खनिज) आहे, एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र ओल्या खाऱ्या वाळूत खोटे आवाज देतं, त्यामुळे लोक चिडून लोखंडी स्कूप थेट सिग्नलवर मारतात. मारू नका. पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा छोटा हाती शोधक) लावा, सिग्नलच्या बाजूला वीतभर अंतरावर खणा आणि आडवं हातानं वाळू काढत आत या. पितळेची कडा दिसली की थांबा.

---

पुळणकर

आभारी आहे. ११२ ला फोन झाला, पोलीस पाटील आले आहेत, ठाण्याची गाडी निघाली आहे. दोन्ही रेघांचे फोटो काढले. अर्ज वरच्या नमुन्याप्रमाणेच लिहितोय. पिशवीतली पुंगळी परत खड्ड्यात ठेवू का?

---

थ्रीनॉटथ्री

नाही. परत ठेवलीत तर अर्जात लिहिलेलं आणि जागेवर दिसणारं जुळणार नाही. आधी लांबूनच तिच्या बुडाकडे बघा, कॅपवर खळगा आहे का. खळगा असेल तर बहुतेक बार झालेली पुंगळी, पिशवी सावलीत ठेवून पोलिसांना दाखवा. कॅप सपाट असेल तर ती झाडलेली नाही, गोळी नुसती गंजून निघून पडली आहे आणि कॅपमधला मसाला अजून आत असू शकतो. मग तीही जिवंतच धरायची: पिशवी आहे तिथे वाळूवर सावकाश ठेवा, उन्हात नको, यंत्राच्या बॅटरीजवळ नको. नखानं किंवा काडीनं आतली माती कोरू नका. पोलीस आले की पहिलं तेच सांगा.

---

पुळणकर

सपाट आहे. पिशवी खाली ठेवली, पाटलांना सांगितलं.

---

कोर्टाचीपायरी

मग अर्जात ‘रिकामी पुंगळी’ खोडा. ‘काडतूससदृश तीन नग, पैकी एक अनवधानाने उचलून पिशवीत ठेवण्यात आला व तो सदर जागेजवळच ठेवला आहे’ असं लिहा. खाडाखोडीशेजारी सही करा, नाहीतर कागद नवा घ्या.